नात्याची सून?

चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव नाते. महाड तालुक्यातलंच, आमच्या वरंधपासून फार लांब नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा माणूस. त्यांचा अभिमान मलाही आहे. माझं भांडण आहे ते त्यांच्यावरच्या लेखांत आणि भाषणांत शेवटी उरकल्या जाणाऱ्या 'कौटुंबिक जीवना'शी. पहिली पत्नी रोझिना, इंग्रज, १९४९ साली निधन. १९५३ साली दुर्गाबाईंशी विवाह. संपलं!

कोण या दुर्गाबाई? जन्म १९०९, राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. जाणत्या वयात या मुलीने नांदायला जायचं नाकारलं, आणि तिचे वडील-भाऊ तिच्या बाजूने उभे राहिले. (आजही आमच्या केंद्रात येणाऱ्या किती जणींच्या माहेरी हे घडतं?) १९२३ साली काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेविका असताना तिने तिकीट नाही म्हणून खुद्द नेहरूंना प्रदर्शनाच्या दारात अडवलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला. मग शिकून वकील झाली, आंध्र महिला सभा उभी केली, संविधान सभेत बसली, १९५२ साली नियोजन आयोगावर गेली. देशमुख हे आडनाव यानंतरचं! १९५८ साली मुलींच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणावर नेमलेल्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षही त्याच होत्या. १९७५ साली दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. दोघांना, वेगवेगळं.

कुणी म्हणेल, त्यांनी स्वतःच पुस्तकाला 'चिंतामण अँड आय' असं नाव दिलं, मग तुम्हाला काय त्याचं? अहो, सोबत्याचं नाव प्रेमाने आधी घेणं ही त्यांची खुशी. आपण त्यांना त्या नावामागे झाकून टाकायचं, ही कुठली रीत? रोझिनाच्या वाट्याला तर राष्ट्रीयत्व आणि मरणाचं साल, एवढंच.

मैत्रिणींनो, ही जुनी गोष्ट नाही. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. तरी सत्काराच्या फलकावर सरपंचबाईंच्या नावाआधी 'सौ.', नंतर नवऱ्याचं नाव, आणि फोटोत नवरा मोठा. ग्रामसभेत उत्तरंही तोच देतो. बाई कुणाची तरी कुणी असते म्हणून निवडून येते, असं गावाने ठरवूनच टाकलंय. दुर्गाबाईंची गोष्ट आपल्या पोरींना कळली असती तर 'बायकांना कुठलं जमतंय' म्हणणाऱ्याला त्यांनी तोंडावर उत्तर दिलं असतं.

म्हणून १५ जुलैला, दुर्गाबाईंच्या जन्मदिवशी, आपल्या प्रत्येक गटात त्यांच्यावर बैठक घ्या. गावातल्या निवडून आलेल्या बाईला बोलवा. एकटीला. नवरा सोडायला आला तर त्याला बाहेर चहा द्या.