दिवाळीचे लाडू आणि माईंचं औषध

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लक्षद्वीपला जाऊन आलो. शाळेत हे कळल्यापासून मधल्या सुट्टीत मला एकच प्रश्न असतो, "बाई, तिथं विमानानं जायचं तर काय काय न्यायचं हो?" मी म्हणते, काय न्यायचं ते मागाहून सांगते, आधी काय कुठल्या पिशवीत ठेवायचं ते ऐका. हे शहाणपण मला घरून निघताना नव्हतं, बरं का!

लक्षद्वीपमध्ये विमान उतरतं ते अगत्ती बेटावर. बेट सात-साडेसात किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम. त्याच्या दक्षिण टोकाला १९८८ साली धावपट्टी सुरू झाली, तिच्या दोन्ही अंगांना समुद्र. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची, ही साधारण बाराशे मीटरची. म्हणून इथं पंख्याची छोटी विमानं येतात. कोचीहून दीड तासाच्या आसपास लागतो, जहाजानं गेलात तर चौदा ते अठरा तास. २०२४ मध्ये बंगळूरहूनही विमान सुरू झालं.

पहिली गोष्ट परवान्याची. आपण भारतातलेच असलो तरी या बेटांवर जायला प्रवेश-परवाना लागतो, १९६७ सालापासूनचा नियम आहे. "तिथं गेल्यावर बघू" असं इथं चालत नाही. परवाना हातात आल्याशिवाय घरातून निघू नका, आणि मोबाईलमध्ये असला तरी कागदावर दोन प्रती काढून घ्या. परवाना, तिकीट आणि ओळखपत्र या तिन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. पुरुषांना यात काही विशेष वाटत नाही, पण आपलं तसं नाही ना! आधारवर सासरचं नाव, पदवीच्या कागदांवर माहेरचं, आणि तिकीट काढणाऱ्यानं घाईत तिसरंच लिहिलेलं. ह्यांनी माझं तिकीट माहेरच्या आडनावानं काढलं होतं, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर! वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हा तिकीट निघालं की स्वतः वाचा.

कोचीचा विमानतळ शहरात नाही, नेडुंबाशेरीला आहे. रेल्वेनं जाणाऱ्यांना एर्नाकुलमपेक्षा आलुवा स्टेशन जवळ पडतं. आदल्या दिवशीच पोचा. परतीचंही तसंच. बेटावर पाऊसवारा आला की विमान थांबतं, त्याला कुणाचा इलाज नाही. अगत्तीहून दुपारी निघून रात्रीची गाडी पकडू, असा हिशेब कागदावर छान दिसतो, पण मध्ये एक मोकळा दिवस ठेवाच. जून ते सप्टेंबर तर या बाजूला फिरकूच नये.

आता माझी चूक सांगते. छोटं विमान आणि आखूड धावपट्टी, त्यामुळे वजनाचा हिशेब फार काटेकोर. भूगोलाच्या तासाला मुलांना मी नेहमी सांगते की हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत विमानाला उचलायला जास्त धावावं लागतं, आणि इथं धावायला जागा कुठली? मग कधी कधी माणसं पुढे जातात आणि एखादी पिशवी मागे राहते, पुढच्या विमानानं येते. हे सगळं मला वर्गात ठाऊक, सामान भरताना मात्र डोक्यात नव्हतं. हातातल्या पिशवीत मी बेसनाचे लाडू, चकल्या आणि मुलांचे कपडे कोंबले आणि माईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, औषधांचा डबा मोठ्या बॅगेत टाकला. माईंना दोन वेळा इन्सुलिन लागतं.

अगत्तीला उतरलो. पायऱ्या उतरून चालतच इमारतीत जायचं, समोर निळा-हिरवा समुद्र, मुलं नुसती नाचत होती. एकेक करून सगळ्यांचं सामान आलं. आमची मोठी बॅग आली नाही. "उद्याच्या विमानानं येईल," असं शांतपणे सांगितलं गेलं. माझ्या पोटात गोळा आला. माई बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, लाडू आलेत ना? मग झालं तर. साखर आली, औषध राहिलं." हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा त्याच डब्यात! सुदैवानं मुलीनं कधीतरी तिचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवला होता. रिक्षा करून बेटावरच्या दवाखान्यात गेलो. तिथली भाषा मल्याळीच्या वळणाची, मला त्यातलं ओ की ठो कळेना, पण चिठ्ठीची भाषा सगळीकडे एकच. डॉक्टरांनी माईंची साखर तपासली, तेच औषध दिलं, आणि जेवणाआधी घ्यायला बजावलं. बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती रात्र मी जागून काढली. माई मात्र छान घोरत होत्या.

म्हणून सांगते, रोजची औषधं चार दिवस जास्तीची घेऊन हातातल्या पिशवीत. इन्सुलिन तर एरवीही सामानाच्या कप्प्यात देऊ नये, तिथं ते गोठण्याची भीती असते. चिठ्ठी सोबत, तिचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. एक रात्र निघेल इतके कपडे, चष्मा आणि सुटे पैसेही हातातच. पिशवी मऊ कापडाची घ्या, या विमानातले वरचे कप्पे लहान असतात, चाकांची बॅग आत जात नाही. मोबाईलची जादा बॅटरीही हातातच ठेवायची, सामानात देऊ देत नाहीत.

पंख्यांचा आवाज बराच होतो, म्हाताऱ्या माणसांच्या कानात कापूस घाला. उतरताना कान दडतात, त्यावर आमच्याकडे आवळासुपारी चालली. धावपट्टीवर वारा भन्नाट असतो. पाचवारी नेसणार असाल तर निऱ्यांना आणि पदराला पिना लावा. मी पंजाबी ड्रेस घातला होता. माईंची नववारी मात्र जागची हलली नाही!

येताना दोन गोष्टी जपा. किनाऱ्यावर पांढरी पोवळी पडलेली असतात, मुलांचे खिसे हां हां म्हणता भरतात. पण पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही आणता येत नाही. विमानतळावर तपासणीत शरम नको म्हणून आदल्या संध्याकाळी मी धाकट्याचे खिसे उलटे केले आणि सगळं पुन्हा वाळूत टाकायला लावलं. अर्धा तास रुसला होता. दुसरं म्हणजे सुकं खोबरं. नारळाच्या मुलखात गेल्यावर वाट्या घ्यायचा मोह होतोच, पण त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात नको. माईंनी त्याऐवजी मासमीन, म्हणजे तिथला सुकवलेला कुपा मासा घेतला. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर जुनं पातळ बांधून बॅगेत दिला. तरी आलुवापासून घरापर्यंत डब्यातले लोक आमच्याकडे बघत होते.