जागा कुठे पाहावी?

पुण्याहून भाच्याचे पत्र आले आहे. कोयलीच्या रिफायनरीत नोकरी लागली. बायकामुलांसह यायचे, तर बिऱ्हाड आमच्या घडियाळी पोळमध्ये करावे की गोरव्याकडे?

पोळचा मला अभिमान आहे. मांडवी चार पावलांवर, शेजारणीकडे किल्ली ठेवून खुशाल गावाला जावे. पण कोयली शहराच्या वायव्येला, मध्ये विश्वामित्री, शिवाय येथे मोटार उभी करायची कुठे? तेव्हा गोरवाच बरा. मात्र ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी कुठवर चढले होते, हे घरमालकाला नव्हे, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे.

एवढेच उत्तर धाडणार होते. परंतु पत्राच्या शेवटी भाचा लिहितो की, दोन मालकांनी भाड्याआधी आडनाव विचारले आणि 'आपलेच' म्हणताच त्यांचे चेहरे खुलले. त्याला त्याचा आनंद झाला आहे.

१९१७ साली भीमराव आंबेडकर याच शहरात संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या या विद्वानाला गावात कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या एका धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून होते.

आमच्या माडीवरची खोली दोन महिने रिकामी आहे. 'आपल्यापैकी' नाहीत म्हणून दोन बिऱ्हाडे मीच परत पाठवली, हे भाच्याला अजून कळवलेले नाही.