कशावरून?

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. पाच माणसं येष्टीतून उतरली. नाथपंथी डवरी गोसावी. गावोगाव हिंडून भिक्षा मागणारी, पालं ठोकून राहणारी जमात. बहुतेक जण सोलापूरकडचे, मंगळवेढ्याच्या बाजूचे. त्यांच्यातला एक जण एका लहान पोरीशी बोलला म्हणे. तेवढं पुरलं. बाजार गोळा झाला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना जीव जाईस्तोवर मारलं. आणि ते मारणं लोकांनी मोबाइलवर शूट केलं. मारायला हात होते, शूटिंगला हात होते. थांबवायला पुरेसे हात नव्हते.

कारण काय? तर एक मेसेज. पोरं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा, पुढे पाठवा. सोबत व्हिडिओ: ओळीनं निजवलेले लहान पोरांचे मुडदे. बघून कुणाचंही रक्त उसळावं असे.

मुडदे खरे होते. पण ते धुळ्याचे नव्हते, महाराष्ट्राचे नव्हते, या देशाचेच नव्हते. ती सीरियातली लेकरं. २०१३ साली विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेली. पाच वर्षांपूर्वी, हजारो मैलांवर मेलेल्या पोरांचे मुडदे कुणीतरी आवाज चढवून इथं आणले आणि इथल्या पाच भिक्षेकऱ्यांच्या गळ्यात बांधले.

त्याच उन्हाळ्यात देशभर दुसरा एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत पोरं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार. तो कराचीचा. पोरं जपा, असं सांगणारी जनजागृतीची फिल्म होती ती. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकल परत येते, पोराला खाली उतरवते आणि मागचा माणूस पाटी धरतो: पोर पळवायला एवढासा वेळ पुरतो. इथं फिरवणाऱ्यानं शेवट कापला. बस्स. एक अक्षर खोटं लिहावं लागलं नाही. शेवटचे काही सेकंद कापले की पोरं जपायला काढलेली फिल्म माणसं मारायला तयार.

राईनपाड्याच्याच दिवशी, रात्री, मालेगावात जमावानं अशाच संशयावरून पाच जणांना घेरलं. त्यात दोन वर्षांचं पोर होतं. पोलिसांनी त्यांना जिवंत सोडवलं. अफवा तीच, दिवस तोच. म्हणजे मरण अटळ नव्हतं. कुणीतरी मधे पडायला लागतं, एवढंच.

आता नीट बघा. जमावाच्या हातात कोण सापडतं? गाडीतून उतरणारा सुटाबुटातला साहेब सापडत नाही. सापडतो पालावरचा, भंगार गोळा करणारा, भाषा वेगळी असलेला, कपडे मळलेला. १८७१ साली इंग्रजानं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला. नजर गेली नाही. अफवेला फक्त ठिणगी टाकावी लागते. सरपण या समाजानं शेकडो वर्षं रचून ठेवलेलं आहे.

म्हणून दोस्तांनो, 'वैज्ञानिक दृष्टिकोन' हा शब्द ऐकला की जांभई देऊ नका. सभागृहातल्या पंख्याखाली बसून करायची ही चर्चा नव्हे. १९७६ साली घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्यं घातली, त्यात हा दृष्टिकोन अंगी बाणवणं हे एक कर्तव्य आहे. घटनेत आहे, शाळेच्या पुस्तकात आहे, परीक्षेत दोन मार्कांना आहे. फक्त आपल्या बोटात नाही. जे बोट 'फॉरवर्ड' दाबतं, त्या बोटात.

आणि विज्ञान म्हणजे पांढऱ्या कोटवाल्यांची मिरासदारी, असंही समजू नका. आपल्या वस्तीतली आई रेशनच्या दुकानात उभी असते. तांदूळ घ्यायच्या आधी ती काय बघते? रिकामा काटा शून्यावर आहे का. नसला तर दुकानदाराशी भांडते. मग पिशवी पुढे करते. हेच विज्ञान. मोजायच्या आधी माप तपासायचं. शाळा न शिकलेली आई हे करते आणि कॉलेजात शिकलेलं तिचं पोर मोबाइलवर आलेलं मापात पाप न बघता पन्नास जणांना वाटून टाकतं.

२१ सप्टेंबर १९९५ आठवतो? तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. बापाला विचारा. देशभर गणपती दूध प्यायला लागला. रांगा लागल्या, ऑफिसं ओस पडली. चमचा मूर्तीच्या सोंडेला लावला की दूध कमी व्हायचं. लोकांनी डोळ्यांनी बघितलं, खोटं कसं म्हणायचं? डोळ्यांनी बघितलं ते खरंच होतं. दूध कमी होत होतं. प्रश्न होता तो जातं कुठं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि सोंडेवरून, पोटावरून खाली उतरणारा ओघळ सगळ्यांना दाखवला. पृष्ठताणामुळं दूध चमच्यातून दगडाकडं ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली वाहतं. तुम्हीही करून बघा. घरचा पाटा उभा करा, काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवा. पाटाही दूध पितो. वरवंटाही पितो. आता त्यांचीही आरती करणार काय?

सांगायचं एवढंच की आपण बघतो एक आणि त्याला दुसऱ्यानं सांगितलेला अर्थ चिकटवतो. दूध कमी होतं, हे बघणं. देव पितो, हा चिकटवलेला अर्थ. परका माणूस पोरीशी बोलला, हे बघणं. पोर पळवायला आलाय, हा चिकटवलेला अर्थ. बघणं आणि अर्थ यांच्या मधल्या फटीत एक शब्द घुसवायचा: कशावरून?

त्या एका शब्दाचे चार प्रश्न होतात. पाठ करा.

पहिला: कुणी पाहिलं? 'सगळे म्हणतात' हे उत्तर नव्हे. सगळ्यांनी एकाच मेसेजवरून वाचलेलं असतं. पन्नास जणांनी तोच मेसेज पाठवला म्हणून पन्नास साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार शून्य, पोस्टमन पन्नास.

दुसरा: कुठलं आणि कधीचं? मेसेजवर तारीख नाही, गावाचं नाव नाही, पोलीस ठाणं नाही, तर तो दर उन्हाळ्यात नव्यानं न्हाऊन येतो. पोर पळवलं असेल तर त्या पोराला आई असेल, नाव असेल, तक्रार असेल. ठाण्यात फोन लावा. चित्रातल्या दुकानांच्या पाट्या बघा, गाडीची नंबरप्लेट बघा, लोक कुठली भाषा बोलतात ते ऐका. आता तर यंत्र माणसाचा आवाज आणि चेहरा हुबेहूब काढतं. म्हणून नुसत्या चित्रावर विसंबू नका. चित्राबाहेर काही पुरावा आहे का ते बघा.

तिसरा: दुसरं काय असू शकेल? भिक्षेकरी पोरीशी का बोलला असेल? पत्ता विचारायला. पाणी मागायला. भाकरी मागायला. पळवणं हे शंभरातलं शेवटचं कारण, ते पहिलं कसं झालं?

चौथा, आणि हा आपल्या पोरांनी कधीच विसरायचा नाही: हे खोटं निघालं तर मार कुणाला बसेल? चुकून न पाठवलेल्या मेसेजनं फारसं काही बिघडत नाही. खरी बातमी असेल तर ती दुसऱ्या वाटेनं येतेच. चुकून पाठवलेल्या मेसेजनं पाच माणसं मरतात. मार जितका जबर, पुरावा तितका भक्कम मागा. बुद्धानं केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितलं होतं. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. आपण इथंच थांबतो आणि पोस्टर छापतो. पण पुढचंही त्यानं सांगितलंय: ज्यानं अहित होतं, दुःख होतं असं तुम्हाला स्वतः उमगेल, ते टाकून द्या. शेवट कापलेली फिल्म जशी घातक, तसंच शेवट कापलेलं वचनही.

आता घरचं बोलू. इथं दुखणार आहे.

या अंकासाठी एका मित्राचा लेख आला. धारदार लेख. सुरुवातीलाच बाबासाहेबांच्या नावावर एक वाक्य. मोबाइलवर सगळीकडे दिसणारं, टाळ्या घेणारं. आम्ही विचारलं, हे कुठल्या भाषणातलं? कुठल्या सालचं? मित्राला सांगता येईना. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढलेत. हाताशी होते तेवढे खंड चाळले. सापडलं नाही. वाक्य काढलं. मित्र भडकला. "बाबासाहेबांवर शंका घेता? तुम्ही कसले आंबेडकरवादी?"

मित्रा, शंका बाबासाहेबांवर नाही. त्यांच्या तोंडात शब्द कोंबणाऱ्यावर आहे. जो माणूस आकड्याशिवाय, संदर्भाशिवाय पाऊल टाकत नव्हता, त्याच्या नावावर आपण बिनपत्त्याचं वाक्य खपवायचं? इंग्रज अधिकारी रिस्ले यानं इथल्या लोकांची नाकं मोजून वंश आणि जातीची उतरंड मांडली. शास्त्राच्या नावानं सांगितलेली गोष्ट, कोण बोलणार? बाबासाहेबांनी 'नुसती गोऱ्यांची कारस्थानं' म्हणून ती झटकली नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या मोजमापांचे आकडेच समोर मांडले आणि दाखवून दिलं की हे शास्त्र खरं मानायचं असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. समोरच्याचंच माप घेऊन समोरच्यालाच मोजलं. याला म्हणतात बंड. आपण मात्र आवडलेलं वाक्य तपासायला घाबरतो.

खरी परीक्षा तिथंच आहे. शत्रूचा मेसेज आपण बरोबर तपासतो. त्यातली खोट दोन मिनिटांत काढतो. आपल्या मनासारखा मेसेज आला की काटा शून्यावर आहे का ते कोण बघतो? आणि आपलं एक खोटं सापडलं की विरोधक आपली शंभर खरी बाजूला सारतो. वस्तीत खरोखर अत्याचार झाला तर पुन्हा सांगायला जायचंय, तक्रार लिहायचीय, साक्ष द्यायचीय. तेव्हा आपला शब्द खणखणीत वाजला पाहिजे.

एक इशारा. 'सगळंच खोटं, सगळेच विकलेले' असं म्हणत सुटणं म्हणजे विज्ञान नव्हे. तो आळस आहे. ज्याला काहीच खरं वाटत नाही त्याला कुणीही काहीही विकू शकतो. तपासायचं ते टाकून देण्यासाठी नाही, खरं हाताला लागावं म्हणून. आणि खरं लागलं की त्याच्या बाजूनं उभं राहायचं. किंमत पडते. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवलेल्या नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही, त्यांच्या मरणानंतर त्याच वर्षी झाला. 'कशावरून?' एवढं विचारणारा माणूस कुणालातरी इतका जड जातो.

राईनपाड्यानंतर त्या जुलैतच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीनं तिच्यापुरतं केलं. पाचाचा आकडा कंपनी ठरवेल, शून्याचा आपण ठरवायचा.

तेव्हा काम सोपं आहे. आज रात्री वस्तीच्या ग्रुपवर काहीतरी येईलच. कुणी पाठवलं, काका की मामा की मंडळाचा अध्यक्ष, ते बघू नका. भांडू नका, हिणवू नका. फक्त सगळ्यांसमोर एक शब्द टाइप करा. आणि उत्तर येईस्तोवर बोट वर धरा. राईनपाड्याच्या बाजारात एवढं एक बोट वेळेवर वर झालं असतं, तर पाच पालांवर संध्याकाळी चूल पेटली असती.

जयभीम.

— संपादक