बीपीची गोळी ‘कॅल्शियम अडवते’ म्हणजे नेमकं काय?

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात लोकांचे केस भराभर गळाले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बाधितांच्या शरीरात सेलेनियम फार वाढल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर जो तो खनिजतज्ज्ञ झालाय! परवाचा फॉरवर्ड: बीपीची गोळी कॅल्शियम अडवते, हाडं पोकळ होतात. झालं, मामांनी अ‍ॅम्लोडिपिन बंद केली. चार दिवसांनी वरचं बीपी १७० च्या पुढे.

या दोन गोष्टी एकत्र करू नका. शेगावात संशय होता तो खनिजच जास्त पोटात गेल्याचा. या गोळीचं काम पेशीच्या दारावर चालतं. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीबाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण १०,००० पट असतं. दार उघडलं की ते आत घुसतं, स्नायू आवळतो, नळी अरुंद होते. गोळीमुळे दारं कमी उघडतात, नळी सैल पडते, बीपी उतरतं. मॅग्नेशियमही याच दारात थोडी आडकाठी करतं, म्हणजे युक्ती शरीराला नवी नाही. हाडांतलं कॅल्शियम गोळी काढून घेत नाही. दूध चालतं.

घोट्यांना सूज येते, ही तक्रार मात्र खरी. तसं झालं तर, किंवा कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या चालू असतील तर, डॉक्टरांना सांगा. आणि संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर पिण्याच्या पाण्यातल्या मिठाचंही विचारा. सोडियम बीपी वाढवतं, त्याबद्दल फॉरवर्ड कुणी पाठवत नाही.