लेखनाची परीक्षा कीं आराखड्याची?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर पेढे वाटले जातात. मुलास मराठींत नव्वद गुण मिळाले म्हणजे त्याला मराठी लिहितां येतें, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत असते. ही समजूत खोटी आहे, असें आम्हांस आज स्पष्ट सांगावयाचें आहे. आणि दोष मुलाचा नसून परीक्षेचा आहे, हेंहि त्याच दमांत सांगावयाचें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रथम भाषा मराठीची लेखी परीक्षा 80 गुणांची असते. त्यांतील 24 गुण 'उपयोजित लेखना'स आहेत: पत्र किंवा सारांश यास 6, जाहिरात, बातमी व कथा यांपैकीं दोहोंस 10, आणि प्रसंगलेखन, आत्मवृत्त व वैचारिक लेखन यांपैकीं एकास 8. योजना कागदावर उत्तम आहे. मुलानें कल्पनेनेंहि लिहावें आणि व्यवहारापुरतेंहि लिहावें, हा तिचा हेतु शुद्ध आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती गुण कशाला मिळतात याविषयीं.

कन्नड तालुक्यांतील देवगाव रंगारी येथें एका स्नेह्यांकडे आम्ही कांहीं दिवस राहिलों होतों. शेजारचा दहावींतील एक मुलगा सरावाची वही दाखविण्यास आला. पहिल्याच पानावर रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांकडे रोपांची मागणी करणारें पत्र होतें. दिनांक, प्रति, विषय, महोदय, खालीं ई-मेलचा पत्ता, सर्व कांहीं जागच्या जागीं. शिक्षकांनीं 6 पैकीं 6 गुण दिले होते. "रोपें कोणत्या झाडांचीं हवीं होतीं?" असें आम्हीं विचारलें. "ते गाइडात नव्हतं, सर," तो म्हणाला. पुढें पावसाचें आत्मवृत्त होतें. त्यांत समुद्राच्या लाटा होत्या, नारळीच्या बागा होत्या. मुलानें मात्र समुद्र पाहिलेला नव्हता.

वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनें लिहिलेला सात ओळींचा एक मजकूर होता. 2025 च्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर जी अतिवृष्टि कोसळली, तींत त्याच्या बापाच्या वावरांत चार दिवस पाणी उभें राहिलें आणि अद्रकीचे कंद कुजले. पंचनाम्यास माणसें आलीं तेव्हां बाप आजीला घेऊन दवाखान्यांत गेला होता. म्हणून नांव यादींत आलें नाहीं. तरी पुन्हा पाहणी व्हावी, असा तो तहसीलदारांस करावयाचा अर्ज होता. बापास लिहितां येत नाहीं, म्हणून मुलानें लिहिला होता. त्यांत 'विषय' नव्हता, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु कोणाला, काय, कां आणि पुढें काय हवें, यांतील एकहि गोष्ट सुटली नव्हती. आम्हीं त्याची स्तुति केली, तेव्हां तो संकोचून म्हणाला, "हे परीक्षेला चालत नाही, सर."

आमच्या मतें या एका वाक्यांत सर्व पद्धतीचा निवाडा आहे. ज्या पत्रास कोणी वाचक नाहीं त्यास पूर्ण गुण. ज्या पत्रावर घराचें वर्ष अवलंबून आहे तें परीक्षेच्या बाहेर!

यावर उत्तर ठरलेलें आहे. दरसाल 15-16 लक्ष मुलें परीक्षेस बसतात. परीक्षकांपुढें गठ्ठे असतात. विचाराला गुण द्यावयाचे ठरविलें तर एक परीक्षक 7 देईल व दुसरा 3. हा आक्षेप पोकळ नाहीं. सर फिलिप हार्टोग व ऱ्होड्स यांनीं 1935 सालीं विलायतेंत प्रसिद्ध केलेल्या चौकशींत इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका 14 परीक्षकांकडून कांहीं महिन्यांच्या अंतरानें दोनदां तपासविल्या, तेव्हां 210 निर्णयांपैकीं 92 निर्णय त्याच परीक्षकांनीं फिरविले होते. निबंधाची गोष्ट याहून अवघड. परंतु तराजू नीट नाहीं म्हणून धान्य बाजूला ठेवून पोतेंच जोखावें, हा कोठला न्याय? तराजू दुरुस्त करावा.

मंडळास दुरुस्ती करितां येत नाहीं असें नाहीं. 2019 सालीं भाषेचे तोंडी परीक्षेचे 20 गुण काढले आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षीं ते गुण परत आले. निकाल घसरला कीं ओरड होते. लेखन घसरलें तर कोणाच्या घरीं चूल थांबत नाहीं.

आणखी एक अन्याय आहे, तो आमच्या मराठवाड्यास विशेष झोंबणारा. 'वावर', 'अद्रक' हे शब्द या मुलाच्या घरचे. पुस्तकांत 'शेत', 'आलें' असतें, म्हणून याच्या शब्दांखालीं लाल रेघ ओढली जाते. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. 1918 सालीं तेथें विद्यापीठ निघालें तें उर्दूंतून शिकविणारें. त्या काळांत येथील मराठी शाळेपेक्षां घरानें व वावरानेंच अधिक राखली. तीच मराठीच्या परीक्षेंत अशुद्ध ठरावी, हें कृतघ्नपणाचें आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकले तर अवश्य गुण कापा. शब्द गांवचा आहे म्हणून कापूं नका.

आमच्या सूचना थोड्या आहेत. पत्राच्या 6 गुणांपैकीं आराखड्यास 1 पुरे. बाकीचे हेतु, क्रम व भाषा यांस द्यावे. प्रश्नांत खरा प्रसंग व खरा वाचक असावा, आणि कांहीं तपशील मुलानें स्वतःच्या गांवांतून भरावा, म्हणजे गाइड मुकें होईल. तपासणीपूर्वी सर्व परीक्षकांनीं त्याच वीस उत्तरांस गुण देऊन आपसांत वाद घालावा, म्हणजे 7 व 3 यांतील अंतर कमी होईल.

आणि गाइड विकत आणून देणारे कोण? तुम्ही आम्हीच. तेव्हां मंडळाला दोष देऊन आपणांस मोकळें होतां येणार नाहीं.

त्या मुलाच्या अर्जांतील ऱ्हस्वदीर्घ तेवढे आम्हीं नीट करून दिले. 'अद्रक' हा शब्द तसाच राहूं दिला. तो तहसीलदारांस समजण्यास अडचण पडणार नाहीं. परीक्षकांसहि पडूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.