आमचा होकार घेऊन गेलात, तुमचा कुठे आहे?

सर,

हे पत्र कंपनीच्या एचआरला नाही, तुम्हाला लिहिते आहे. एचआरला मेल पाठवून झाले. 'बिझनेस रिक्वायरमेंटनुसार कळवण्यात येईल' यापलीकडे तिथून काही येत नाही. तुम्ही मात्र आमच्याच कॉलेजचे. माझी मुलाखतही तुम्हीच घेतलीत. म्हणून जाब तुम्हाला विचारते आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये कॅम्पस ड्राइव्हसाठी आलात, तेव्हा सेमिनार हॉलमध्ये काय म्हणाला होतात, आठवतं? 'मीही इथल्याच मेसमध्ये जेवलोय. आम्ही नुसते मार्क बघत नाही, माणूस बघतो. आणि एकदा घेतलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही.' केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे साठ टक्के हवेत, एकही बॅकलॉग नको, या तुमच्या अटी आम्ही पहिल्या वर्षापासून जपत आलो होतो. त्या दिवशी वाटलं, चीज झालं.

माझी टेक्निकल मुलाखत लक्षात आहे का तुमच्या? अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांतला फरक विचारलात. दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायची क्वेरी कागदावर लिहून घेतलीत. मग माझ्या प्रोजेक्टकडे वळलात. तासगावच्या बेदाणा सौद्यांसाठी केलेलं सॉफ्टवेअर होतं ते. तुम्ही विचारलंत, 'दोन व्यापाऱ्यांनी एकाच क्षणी एकाच लॉटवर बोली लावली तर?' मी ट्रान्झॅक्शन आणि रो लॉक समजावून सांगितलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि मराठीत म्हणालात, 'हे पुस्तकातलं नाही. हे तू स्वतः करून बघितलंयस.' चार वर्षांत मला कुणी एवढं मोठं काही म्हटलं नव्हतं, सर. त्या एका वाक्यावर मी विश्वास टाकला.

मग एचआर राउंड झाला. नाइट शिफ्ट चालेल का? हो. चेन्नईला पाठवलं तर जाशील का? हो. दोन वर्षांचा बाँड मान्य आहे का? हो. लग्नाचा विचार? इतक्यात नाही. हा शेवटचा प्रश्न माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला विचारला नव्हता. तरी मी उत्तर दिलं आणि घरी ते पाळलंही. चांगली स्थळं बाबांनी परत पाठवली, 'पोरीनं कंपनीला शब्द दिलाय' म्हणून. आम्ही दिलेला प्रत्येक शब्द तुम्ही लिहून घेतलात. तुमचा शब्द कुणी लिहून घ्यायचा होता?

'वन स्टुडंट, वन जॉब' हा प्लेसमेंट सेलचा नियम तुम्हाला नवा नाही. तुमच्या यादीत नाव लागलं त्याच दिवशी बाकीच्या कंपन्यांची दारं मला बंद झाली. नंतर पुण्याची एक छोटी कंपनी आली, स्वतःचं प्रॉडक्ट बनवणारी. मी प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांच्या केबिनपर्यंत गेले. ते म्हणाले, 'तुझं झालंय ना? आता दुसऱ्यांना बसू दे.' बरोबरच होतं त्यांचं. माझं झालंच होतं ना, सर?

पगाराबद्दल मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. वर्षाला साडेतीन लाख. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या सीनियरांनाही सव्वातीनच्या आसपासच मिळायचे. तेव्हापासून पुण्यातलं खोलीचं भाडं आणि मेसचा डबा कुठल्या कुठं गेला, हे हिंजवडीत राहणाऱ्या तुम्हाला मी काय सांगणार? फेब्रुवारी 2023 मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं साडेसहा लाख ठरलेल्या मुलांना 'साडेतीनवर येता का' असं विचारल्याची बातमी आली, तेव्हा होस्टेलवर आम्ही म्हणालो होतो, आपले सर असं होऊ देणार नाहीत.

मंदीचं कारण मला सांगू नका. कोरोनानंतर कामं धो धो आली तेव्हा तुम्ही भरमसाट भरती केलीत. पुढे अमेरिका-युरोपच्या क्लायंटांनी हात आखडला आणि बिनकामाच्या लोकांचा बेंच फुगला. हे सगळं आम्हाला कळतं. पण अंदाज तुमचे चुकले आणि वर्षं आमची गेली, याचा हिशेब कुठल्या शीटमध्ये आहे?

जून 2023 मध्ये पास झाले. जॉइनिंगऐवजी आलं काय, तर बिनपगारी ऑनलाइन ट्रेनिंग. त्याच्या शेवटी असेसमेंट. तेही मी पास झाले. मग नवा मेल, अभ्यासक्रम बदललाय, पुन्हा असेसमेंट. मुलाखतीत निवडलेल्या माणसाची पुन्हा पुन्हा परीक्षा कशासाठी, सर? ती आम्हाला घ्यायला होती की गाळायला? तुमची निवड तुम्हालाच पटत नव्हती का?

या वाट बघण्याची खरी किंमत तुम्हाला माहीत आहे, म्हणून जास्त राग येतो. फ्रेशर म्हणवून घ्यायला एक-दोन वर्षंच मिळतात. आता बहुतेक जाहिरातींत 'फक्त नव्या बॅचचे पासआउट' असं असतं. अनुभवी लोकांच्या रांगेत उभं राहावं तर अनुभव शून्य. हजार-पाचशेच्या क्लासवाल्यापासून मोठ्या एजंटापर्यंत सगळे खोट्या अनुभवाची पत्रं देऊ करतात. मी घेतली नाहीत, घेणारही नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात एका वॉक-इनला लागलेल्या इंजिनियरांच्या रांगेचा व्हिडिओ देशभर फिरला. तुम्हीही पाहिला असेल. त्या पोरांच्या हातातल्या फायली बघून तुम्हाला आमच्या बॅचची आठवण झाली का?

घरचं थोडंच सांगते. शिक्षणकर्जाच्या हप्त्यांना कोर्स संपल्यावर मिळालेली वर्षाची सवलत केव्हाच संपली. बाबा बागेच्या पैशातून हप्ता भरतात आणि मला काही म्हणत नाहीत. बँकेचे मॅनेजर जॉइनिंग लेटर मागतात. मी तुमच्या कंपनीचं लेटर ऑफ इंटेंट पुढे केलं, त्यांनी ते चाळून परत दिलं. 'यात तारीख कुठाय?' म्हणाले. तो कागद हातात पडला तेव्हा आम्ही गावभर पेढे वाटले होते.

यंदा तुम्ही पुन्हा ड्राइव्हला येणार आहात, असं ज्युनियर सांगत होते. जरूर या. पण माइक हातात घेतलात की आमच्या बॅचमधून किती जण निवडले, किती जणांना प्रत्यक्ष कामावर घेतलं, हे आकडे आधी सांगा. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे नोकरी नव्हे, हे त्या पोरांना सही करायच्या आधी सांगा. आणि जॉइनिंगची तारीख पक्की होईपर्यंत त्यांना दुसऱ्या कंपन्यांना बसू द्या, असं टीपीओ सरांना तुमच्या तोंडून सांगा. तुमचं ते ऐकतील.

आमच्यासाठी एकच करा. तारीख द्या, नाहीतर निवड रद्द केल्याचं रीतसर पत्र द्या. दोन्हींपैकी कुठलाही कागद चालेल, पण तुमच्या सहीचा हवा. या महिनाअखेरपर्यंत पाठवाल का?

तुमच्याच कॉलेजची,
2023 च्या बॅचमधली एक