विश्लेषण : शहराच्या गच्चीवरून तारकागुच्छ टिपता येतात, मग अंधार वाचवायचा कशाला?

दिव्यांनी उजळलेल्या शहरातूनही हौशी खगोलछायाचित्रकार कृत्तिका, पुष्य यांसारख्या तारकागुच्छांची सुरेख छायाचित्रे मिळवतात. हे यश खरे आहे. मात्र ‘कॅमेऱ्याला दिसते, मग बिघडले कुठे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

तारकागुच्छच का?

तारा कॅमेऱ्याला बिंदूसारखा दिसतो. त्याचा प्रकाश मोजक्या पिक्सेलवर एकवटतो, तर आकाशाची झळाळी सगळ्या पिक्सेलवर पसरते. म्हणून तारा उठून दिसतो. दीर्घिकांचा प्रकाश मुळातच पसरलेला असल्याने तो झळाळीत विरतो. शहरातून कृत्तिकेतील तारे सहज मिळतात, पण त्यांच्याभोवतीचा निळसर धूलिमेघ हाती लागणे कठीण, ते यामुळेच.

छायाचित्र कसे घेतात?

एकच दीर्घ छायाचित्र घेतले तर पार्श्वभूमी पांढुरकी होते. त्याऐवजी काही सेकंदांची अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकमेकांवर रचली जातात. याला स्टॅकिंग म्हणतात. छायाचित्रांतील दाणेदारपणा यात वर्गमूळाच्या प्रमाणात घटतो. १०० छायाचित्रे रचल्यास तो साधारण दहाव्या हिश्शावर येतो. चंद्र नसलेली रात्र आणि गुच्छ डोक्यावर असण्याची वेळ निवडली, तर निकाल आणखी सुधारतो.

फिल्टरने काम भागत नाही?

जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश बराचसा पिवळ्या पट्ट्यात असे; तो गाळता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश अनेक रंगांत पसरतो. ताऱ्यांचा प्रकाशही तसाच असल्याने फिल्टर झळाळीबरोबर ताराही मंद करतो.

मग तंत्रज्ञानाची मर्यादा कोणती?

संगणक झळाळीची सरासरी वजा करू शकतो, तिच्यामुळे येणारा दाणेदारपणा नाही. झळाळी दुप्पट झाली, तर मंद ताऱ्यांसाठी तेवढ्याच स्पष्टतेला वेळही जवळपास दुप्पट लागतो. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०११ ते २०२२ या काळात नागरिकांनी नोंदवलेल्या निरीक्षणांतून आकाशाची झळाळी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसते. ही शर्यत कॅमेरा किती काळ जिंकणार?

त्याहून मोठा प्रश्न डोळ्यांचा आहे. पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकेजवळ असतो, म्हणून तो महिना कार्तिक. हे पंचांग साध्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्यांनी रचले. आज कृत्तिका पाहायला महागडे साहित्य आणि संगणक लागत असेल, तर सर्वांचे आकाश मोजक्यांच्या पडद्यावर आले, एवढाच त्याचा अर्थ.

उपाय काय?

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पण अंधार केवळ जंगलात राखून भागणार नाही. रस्त्यावरचे दिवे फक्त खाली प्रकाश टाकतील अशा आवरणाचे आणि उबदार रंगाचे असावेत. मध्यरात्रीनंतर ते मंद करावेत. जाहिरात फलकांनाही वेळेचे बंधन हवे. यात रस्ता अंधारात जात नाही. आकाशाकडे वाया जाणारी वीज वाचते. नदी किंवा हवा स्वच्छ व्हायला वर्षे लागतात, प्रकाशप्रदूषण मात्र बटण दाबताच थांबते. तरीही ते बटण दाबले जात नसेल, तर उणीव तंत्राची नसून धोरणाची आहे.